यात्रा, साथ आणि पालवाले

इतिहासाच्या ग्रंथांत साथीच्या रोगांचें प्रकरण आलें म्हणजे त्यांत मृतांचे आंकडे असतात, सरकारी हुकूम असतात, फार तर एखाद्या डॉक्टराच्या परिश्रमांचें वर्णन असतें. परंतु देवळाच्या पायरीशीं बसून हार विकणाऱ्या माणसाचें त्या वर्षीं काय झालें, हें बहुधा सांगितलेलें नसतें. ह्यांत इतिहासकारांचा दोष थोडा आणि साधनांचा अधिक आहे. जो मेला त्याची नोंद सरकारी वहींत होई. ज्याचें दुकान मेलें त्याची नोंद सावकाराच्या वहींत होई, आणि ती वही कोणत्याहि दफ्तरखान्यांत जमा झाली नाहीं. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत जें डोळ्यांसमोर घडलें, त्यामुळें ही उणीव मला विशेष जाणवूं लागली. म्हणून आमच्या यवतमाळ जिल्ह्यापुरता हा विषय येथें मांडीत आहें.

प्रवाशांचा जिल्हा म्हणून यवतमाळची ख्याति नाहीं. १९०५ पर्यंत ह्या जिल्ह्याचें नांव वणीवरून पडलेलें होतें, इंग्रजी कागदांत त्याला वूण म्हणत. आणि तेव्हांहि आजहि त्याची ओळख कापसाची. तरी कापसाच्या ह्या मुलुखांत बाहेरच्या माणसांवर पोट भरणारीं कांहीं ठिकाणें आहेत. नागपूरच्या वाटेवर कळंबचा चिंतामणि आहे. तेथील देऊळ जमिनीच्या पातळीखालीं असून पायऱ्या उतरून कुंडापाशीं जावें लागतें. गौतमाच्या शापानें पीडित झालेल्या इंद्रानें येथें गणेशाची आराधना केली अशी आख्यायिका आहे. वणीस रंगनाथस्वामींची यात्रा व तिच्याबरोबर बैलबाजार भरतो. यवतमाळ शहरांत नवरात्रांतील दुर्गोत्सव मोठा. अलीकडे ह्यांत पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्याची भर पडली आहे. ह्या सर्वांच्या भोंवतीं हार-नारळवाले, पेढेवाले, खेळणीं व बांगड्या विकणारे, पाळणेवाले, खानावळवाले आणि गाडीवाले असतात. यात्रेंत हे लोक चार बांबूंवर कापड ताणून दुकान थाटतात. त्यास पाल म्हणतात, आणि ह्या लेखापुरतें सर्वांसच मी पालवाले म्हणणार आहें.

यात्रा आणि साथ ह्यांची जोडी सरकारच्या मनांत बसली ती पटकीमुळें. १८६५ सालीं मक्केच्या यात्रेकरूंत पटकी उद्भवून ती युरोपपर्यंत पोंचली. पुढच्याच वर्षीं कॉन्स्टँटिनोपल येथें राष्ट्रांची परिषद भरली. आणि १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर उत्तर हिंदुस्थानांत तोच रोग पसरला. तेव्हांपासून यात्रा ही धर्माबरोबरच आरोग्यखात्याचीहि बाब होऊन बसली. मुंबईंत प्लेग शिरल्यावर १८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा. इतक्या थोड्या शब्दांत इतका अधिकार देणारे कायदे थोडेच असतील! त्यांत एके ठिकाणीं कंसांत एक बारीक सूचना आहे: खर्च कोणीं व कसा सोसावा हें सरकारनें ठरवावें, आणि त्यांत नुकसानभरपाई, असल्यास, तीहि धरावी. ‘असल्यास’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पालवाल्याचा सव्वाशें वर्षांचा सारा इतिहास त्या एका शब्दांत आहे.

१९१८ सालीं इन्फ्ल्युएंझा आला तो जूनमध्यें मुंबई बंदरांतून, आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याची दुसरी, अधिक घातक लाट देशभर पसरली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा तीत सर्वांत अधिक पोळलेल्या प्रांतांपैकीं एक. त्यांत पाऊसहि अपुरा पडलेला. १९२१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी भरली, ह्यावरून त्या आपत्तीचा अंदाज येईल. परंतु एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. साऱ्या देशास एका दिवसांत घरीं बसविणारा हुकूम तेव्हां निघाला नव्हता. बाजार ओस पडले ते माणसें अंथरुणाला खिळल्यामुळें. त्या सालच्या दुकानदाराचें गिऱ्हाईक मेलें. २०२० सालच्या दुकानदाराचें गिऱ्हाईक जिवंत होतें, पण त्याच्यापर्यंत येऊं शकत नव्हतें. दोन्ही वेळां गल्ला रिकामाच. तरी १९१८ त माणसाला दोष द्यावयास दैवाखेरीज कोणी नव्हतें. दुसऱ्या वेळीं समोर हुकूम होता, आणि हुकूम काढणाऱ्याकडे माणूस साहजिकच कांहीं मागतो.

मौजेची म्हणावी कीं दुःखाची, अशी गोष्ट ही कीं, मार्च २०२० च्या मध्यास यवतमाळांत जे पहिले रुग्ण सांपडले ते दुबईच्या सहलीहून परतलेले होते. त्याच सुमारास, १३ मार्च रोजीं, महाराष्ट्रांत १८९७ चा तो कायदा लागू झाला. देवळें बंद झालीं. आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशीं, सारा देश बंद झाला. कापूस निघाल्यानंतरचे, हातीं पैसा खेळण्याचे, जत्रांचे असे हे दिवस. पालवाला वर्षाची कमाई ह्या तीन महिन्यांत करतो आणि माल मात्र आधींच उधारीनें भरून ठेवतो. मग देवळें उघडलीं तीं १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास. १५ फेब्रुवारी २०२१ ला माघी चतुर्थी होऊन गेली आणि तीनच दिवसांनीं जिल्ह्यांत पुन्हा निर्बंध आले. २ मार्चची अंगारकी आली तेव्हां वऱ्हाडांत साथ वर चढत होती. एप्रिलच्या आरंभीं देवळें पुन्हा मिटलीं तीं ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशीं उघडलीं. बंदी अनाठायीं होती असें माझें म्हणणें नाहीं. २०२१ चा एप्रिल-मे ज्यानें यवतमाळांत काढला तो तसें म्हणणार नाहीं. माझा प्रश्न त्या ‘असल्यास’चा आहे.

टाळेबंदी सैल झाल्यावर २०२० च्या पावसाळ्यांत मी कळंबला गेलों होतों. हार विकणाऱ्या एका वृद्ध बाईंस मी ओळखत होतों. त्या भाजीची पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. विचारलें, तर म्हणाल्या, “सर, देव कुलपात हाये, मंग हार कोनाले घालाचे?” त्यांच्या मुलाच्या दोन एकरांत पूर्वीं झेंडू असे, तेथें आतां वांगीं व मिरची होती. हें मी पुष्कळ ठिकाणीं पाहिलें. पेढेवाल्यानें घरपोंच दूध घालावयास घेतलें, बचतगटांतील बायकांनीं मुखपट्ट्या शिवल्या, खानावळवाला मजुरीस गेला. नव्या युक्त्यांचें कौतुक वर्तमानपत्रांत पुष्कळ झालें. पण जरा खोल पाहिलें तर असें दिसतें कीं, जे तगले ते युक्तीनें तगले नाहींत. त्यांचा एक पाय आधींपासूनच शेतांत होता म्हणून तगले. वऱ्हाडांतला छोटा दुकानदार हा क्वचितच केवळ दुकानदार असतो. आणि हा दुसरा पायहि त्या वर्षीं फारसा भक्कम नव्हता: टाळेबंदींत कापसाची खरेदी अडून कित्येकांचा कापूस पावसाळा तोंडावर आला तरी घरांतच पडून होता.

ज्यांस दुसरा पाय नव्हता त्यांची गोष्ट निराळी. टिपेश्वर हें दीडशें चौरस किलोमीटरांहून थोडें लहान अभयारण्य. २०१९ सालीं तेथला एक तरुण वाघ गळ्यांत यंत्राचा पट्टा घेऊन बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगेच्या अरण्यापर्यंत, तेराशें किलोमीटरांहून अधिक चालत गेला, आणि टिपेश्वरचें नांव देशभर झालें. प्रवासी वाढतील ह्या आशेवर कर्ज काढून जिप्सी गाड्या घेणें स्वाभाविक होतें. २०२० च्या मार्चमध्यें फाटकें मिटलीं. रिझर्व्ह बँकेनें हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत थांबविण्याची सवलत दिली खरी, परंतु हप्ता थांबला तरी व्याज थांबलें नाहीं. अरण्यांत नेण्याची ती उघडी गाडी फारशी दुसऱ्या उपयोगाचीहि नव्हे. मूर्तिकारांचीहि तीच गत. सार्वजनिक मूर्ति चार फुटांहून उंच नको असा नियम झाला. ज्याची कीर्ति व मजुरी दोन्ही उंचीवर मोजली जात होती, त्यास चार फूट म्हणजे नुसती मातीची बचत.

आणि सर्वांत वाईट स्थिति फिरत्या पालवाल्याची. २०२० च्या जूनमध्यें पथविक्रेत्यांसाठीं दहा हजार रुपयांच्या कर्जाची केंद्राची योजना आली; ती शहरांतील विक्रेत्यांसाठीं. २०२१ च्या एप्रिलमध्यें राज्य सरकारनें फेरीवाल्यांस दीड हजार रुपये जाहीर केले. ते नोंदणी झालेल्यांस. परंतु जो माघांत एका गांवीं, फाल्गुनांत दुसऱ्या व चैत्रांत तिसऱ्या गांवीं पाल ठोकतो, तो कोणत्या गांवच्या यादींत असणार? पाळणेवाल्याचें सामान जेथें उतरलें होतें तेथेंच गंजत पडलें, कारण तें हलविण्याचें भाडेंहि त्याच्यापाशीं नव्हतें. आजपासून शंभर वर्षांनीं कोणी ह्या साथीचा इतिहास लिहूं लागला, तर त्या दोन याद्या त्याच्या हातीं लागतील, आणि त्या यादींत नसलेला माणूस पुन्हा एकदां इतिहासाबाहेर राहील.

घटस्थापनेनंतर चारपांच दिवसांनीं मी पुन्हा कळंबला गेलों. त्या बाई जुन्या जागीं परत आल्या होत्या. डावीकडे झेंडूचे हार होते आणि उजवीकडे भाजीची पाटी. देऊळ उघडलें, आतां भाजी कशाला, असें मीं सहज विचारलें. त्यांनीं पाटीवर पाणी शिंपडतां शिंपडतां उत्तर दिलें, “राहू द्या सर. कुलूप काई त्यायनं फेकून नाई देल्लं.”