भिंतीआडचा आवाज

गेल्या शनिवारी माळा आवरताना जुन्या कॅसेटींचा खोका सापडला. त्यात जॉर्ज हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’च्या दोन कॅसेटी निघाल्या, कॉलेजात असताना मित्राकडून भरून घेतलेल्या. कॉपीची कॉपी, त्यामुळे ऐकताना वाटायचं की गाणारा शेजारच्या इमारतीत बसलाय आणि मधे धो धो पाऊस पडतोय. दोष अर्थातच मी कॅसेटला देत होतो. पुढे २००१ची रिमास्टर केलेली सीडी मिळाली. पाऊस थांबला होता, पण माणूस अजून शेजारच्या इमारतीतच! भानगड कॅसेटची नव्हती तर.

थोडा इतिहास. हॅरिसन हा बीटल्समधला सगळ्यात धाकटा. लेनन-मॅकार्टनी जोडी इतकं लिहायची की याच्या वाट्याला अल्बममागे जेमतेम एक-दोन गाणी यायची. बाकीची वहीतच. ‘इझन्ट इट अ पिटी’ हे १९६६चं. शीर्षकगीताची तर जानेवारी १९६९मध्ये बँडबरोबर तालीमही झाली, पण तेही बाजूला पडलं. एप्रिल १९७०मध्ये बँड फुटल्याची बातमी आली आणि मेअखेर हा गडी स्टुडिओत हजर. नोव्हेंबरात बाहेर पडला तो तीन एलपींचा खोका. इतकी वर्षं तुंबलेलं पाणी, दुसरं काय.

या माणसाचं आपल्या मुंबईशीही नातं आहे बरं का. १९६६मध्ये तो पं. रविशंकरांकडे सतार शिकायला इथे आला होता, आणि जानेवारी १९६८मध्ये एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल म्युझिक’चं ध्वनिमुद्रण केलं. ‘माय स्वीट लॉर्ड’च्या शेवटाकडे कोरस चक्क गुरुस्तोत्र म्हणतो, आपण शाळेत प्रार्थनेला म्हणायचो तेच. पण ते इतकं आत दडलंय, की पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा कॅसेट तीनदा मागे नेऊन मी खात्री केली होती.

आता हे दडणं कशामुळे? निर्माता होता फिल स्पेक्टर. त्याची ‘वॉल ऑफ साउंड’ पद्धत प्रसिद्धच आहे: एकाच वेळी दोन ड्रमर, दोन-तीन पियानो-ऑर्गन, अकूस्टिक गिटारींची अख्खी रांग, आणि त्या सगळ्यावर सढळ हाताने ओतलेला प्रतिध्वनी. वाद्यं सुटी ऐकू येत नाहीत, सगळ्यांची मिळून एक भिंत उभी राहते. आणि मुळातच लाजरा असलेला हॅरिसनचा आवाज त्या भिंतीआड.

गंमत पुढेच आहे. ऑगस्ट १९७०मध्ये याच स्पेक्टरने हॅरिसनला एक लांबलचक पत्र लिहून प्रत्येक गाण्यावर सूचना केल्या. त्यात एका मिक्सबद्दल त्याची तक्रार होती, की तुझा आवाज फारच गाडला गेलाय! म्हणजे भिंत बांधणारा गवंडीच मालकाला म्हणतोय, जरा पुढे येऊन उभा राहा. दहा-दहा वर्षं मागे उभं राहायची सवय लागली की माणूस स्वतःच्या घरातही कोपऱ्यातच बसतो.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर मल्टिट्रॅक टेप म्हणजे सोर्स कोड आणि मास्टर टेप म्हणजे कंपाइल झालेला प्रोग्रॅम. रिमास्टर करताना तुम्ही फक्त तयार प्रोग्रॅम घासूनपुसून घेता: खरखर काढा, खर्ज-तीव्र सारखे करा. भिंतीतली वीट हलत नाही. ती हलवायची तर सोर्स उघडून रिमिक्स करायला हवं.

२००१च्या आवृत्तीसोबतच्या टिपणात हॅरिसनने हा मोह मान्य केलाय. इतका प्रतिध्वनी तेव्हा योग्य वाटला होता, आता जरा जास्तच वाटतो, असा सूर. तरी जुन्या गाण्यांना त्याने हात लावला नाही. ‘माय स्वीट लॉर्ड’ नव्याने गाऊन वेगळं जोडलं, इतकंच. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला तो गेला.

सोर्स शेवटी उघडला मुलाने. धनी हॅरिसनच्या देखरेखीखाली पॉल हिक्सने केलेलं रिमिक्स ऑगस्ट २०२१मध्ये आलं. आवाज स्वच्छ व्हावा ही वडिलांचीच इच्छा होती आणि आम्ही त्यावर एकत्र काम करत होतो, असं धनी सांगतो. ऐकलं, आणि पहिल्या गाण्यातच अंगावर काटा आला. माणूस शेजारच्या इमारतीतून आपल्या खोलीत आला होता. श्वाससुद्धा ऐकू येतो.

पण खरं सांगू? तिसऱ्या गाण्यापर्यंत मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. आमच्या कंपनीत एका दिवंगत सहकाऱ्याचा कोड माझ्याकडे आला होता. तो मी हौसेने ‘सुधारला’. चालायला लागला उत्तम, फक्त त्यात तो उरला नाही. तो वेडावाकडा होता म्हणूनच त्याचा होता, हे फार उशिरा कळलं. इथे निदान मुलाने जुना मिक्स पुसलेला नाही, दोन्ही बाजारात आहेत. आम्ही तेवढंही भान ठेवलं नव्हतं.

असो. कुणी पहिल्यांदाच ऐकणार असेल तर मी २०२१चाच द्या म्हणेन. मी मात्र रविवारी सकाळी २००१ची सीडी लावतो. भिंतीला कान लावून ऐकायची सवय झालीय, इतक्या वर्षांची.