लहरी अनेक, वर्णपट एकच

रेडिओलहरींचा वर्णपट ही मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहे. मालवण, सर्जेकोट, देवगड, वेंगुर्ले या सिंधुदुर्गातील बंदरांतून सुटणाऱ्या मच्छीमार नौकांवरही आता व्हीएचएफ संच, जीपीएस, भ्रमणध्वनी अशी विविध बिनतारी साधने असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून देशातील एक लाख नौकांवर उपग्रह ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. हा ट्रान्सपॉन्डर ब्लूटूथद्वारे भ्रमणध्वनीला जोडता येतो. ही सारी यंत्रे परस्परांना अडथळा न आणता कशी चालतात, याची उत्तरे निरनिराळी आहेत.

पट्ट्यांची विभागणी

पहिला उपाय म्हणजे प्रत्येक सेवेला स्वतंत्र पट्टा देणे. सागरी व्हीएचएफ सेवा साधारणपणे १५६ ते १६२ मेगाहर्ट्‌झमध्ये चालते. वाय-फाय व ब्लूटूथ यांचा २.४ गिगाहर्ट्‌झचा परवानामुक्त पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्‌झला संपतो आणि भारताच्या 'नाविक' उपग्रहांचा एस-बँड तेथूनच सुरू होतो.

वेळेची वाटणी

नौकेची ओळख व स्थान कळविणारी एआयएस यंत्रणा १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्‌झ या दोनच वाहिन्यांवर चालते. प्रत्येक वाहिनीवरील एका मिनिटाचे २२५० भाग पाडलेले असतात. उपग्रहाच्या घड्याळानुसार प्रत्येक नौका आपल्या वाट्याच्या क्षणीच संदेश पाठवते. त्यासाठी किनाऱ्यावरील नियंत्रकाची गरज नसते. भारतात २० मीटरपेक्षा लांब नौकांना ही यंत्रणा बंधनकारक आहे.

परवानामुक्त पट्ट्यात मात्र कोणाचाही वाटा राखीव नसतो. वाय-फाय आधी कानोसा घेते आणि वाहिनी मोकळी असेल तरच बोलते. मूळ ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलते. २००३ पासूनच्या आवृत्तीत गजबजलेल्या वाहिन्या टाळण्याचीही सोय आहे.

शिस्तीवर चालणारी वाहिनी

सागरी संकटकाळात महत्त्वाची असलेली १६ क्रमांकाची वाहिनी, म्हणजेच १५६.८ मेगाहर्ट्‌झ, अशा कोणत्याही स्वयंचलित वाटणीवर चालत नाही. संकटसंदेश आणि पहिली हाक यांसाठी ती जगभर राखीव आहे. तिच्यावर गप्पा सुरू राहिल्यास किंवा माइकचे बटण नकळत दाबलेले राहिल्यास परिसरातील सर्वांची वाट अडते. एफएम पद्धतीत एकाच वेळी दोन संदेश आल्यास ग्राहक संच प्रबळ संदेश उचलतो आणि क्षीण संदेश दबून जातो. जवळच्या नौकेवरील गप्पांखाली दूरवर बुडणाऱ्या नौकेची हाक अशा रीतीने हरवू शकते.

म्हणूनच तांडेलाने १६ वर केवळ संपर्क साधावा आणि पुढील संभाषणासाठी दुसऱ्या वाहिनीवर जावे, असा नियम आहे. जिवावरचे संकट ओढवल्यास 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारून नौकेचे नाव, स्थान व संकटाचे स्वरूप सांगावयाचे असते. त्या वेळी इतरांनी मौन पाळणे हीदेखील वर्णपटाची वाटणीच होय.