मोडीचा कागद आणि विरामचिन्हे

मोडी लिहिणारा आधी ओळभर आडवी रेघ ओढी आणि शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. तरी कारभार चाले. कागद वाचून दाखवणाऱ्या कारकुनाला कुठे थांबायचे ते ठाऊक असे.

छापील पुस्तकाचा वाचक मात्र एकटा होता. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली प्रसिद्ध झाली. मराठी गद्याने वाक्याच्या शेवटी टिंब स्वीकारले, दंड ओवी-अभंगांत राहिला. हिंदीने तो गद्यातही ठेवला, उर्दू आखूड आडवी रेघ देते. हैदराबादेत या तिन्ही चाली आपल्या रोजच्या वाचनात येतात.

हिमायतनगरातल्या एखाद्या घरी जुना मोडी कागद देवनागरीत टंकायला घेतला, की कारकुनाचे काम आपल्यावर येते. समजा, त्यात ‘व्याज घेतले नाही दिले’ असे आहे. स्वल्पविराम ‘घेतले’नंतर दिला तर एक हिशेब, ‘नाही’नंतर दिला तर नेमका उलटा. म्हणून आपण घातलेले शंकास्पद चिन्ह चौकटी कंसात ठेवावे. चिन्ह आधीच्या शब्दाला जोडून द्यावे, पुढे एक जागा सोडावी. अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टंकू नये. पुढच्या पिढीला वाचून दाखवणारे कोणी नसेल. तिच्या हाती हेच पान असेल.