चेटकिणीची कुळकथा

शनिवारी शेवटचा तास गोष्टीचा असतो. पाचवीचा तो तास माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी मी ‘हिमगौरी आणि सात बुटके’ सांगत होते. आरसा बोलला, पारधी हरिणीसारख्या पोरीला रानात सोडून आला, विषारी सफरचंद झाले. वर्ग अगदी चिडीचूप. घंटा झाली तशी पोरे दप्तरे उचलून पळाली. एक मुलगी मात्र बाकावरून उठेना. जवळ गेले तेव्हा तिने खाली मान घालून विचारले, “बाई, ती सावत्र होती म्हणून वाईट होती, की वाईट होती म्हणून सावत्र?”

तिच्या वडिलांनी आदल्याच वर्षी दुसरे लग्न केले होते. हे मला ठाऊक होते. गोष्ट निवडताना मात्र ध्यानात राहिले नाही. मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आता आठवत नाही, आणि आठवावे अशा लायकीचे ते नसणारच. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि त्याचा माग काढता काढता मी दूरच्या मुलखात जाऊन पोहोचले. आज वाचकांपुढे ठेवते आहे ती त्याच भटकंतीची हकीकत.

जर्मनीतील याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांनी आपल्या लोककथांचा पहिला खंड १८१२ साली, ऐन नाताळाच्या सुमारास छापला. थोरला सत्तावीस वर्षांचा, धाकटा सव्वीस. त्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली राणी सावत्र नाही. ती सख्खी आई आहे! बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल आणि खिडकीच्या काळ्या लाकडासारख्या केसांची मुलगी व्हावी म्हणून नवस केल्यासारखी इच्छा धरणारी तीच, आणि मुलगी सात वर्षांची होऊन आपल्याहून देखणी दिसू लागताच तिच्या जिवावर उठणारीही तीच. पारध्याने आणलेल्या काळजाचे ती पुढे काय करते, ते दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी बसून सांगण्याजोगे नाही.

सात वर्षांनी, १८१९ साली, दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात विल्हेल्मने एक छोटेसे वाक्य घातले. मूल जन्मले आणि राणी मेली. वर्षभराने राजाने दुसरी बायको केली. बस्स, एवढ्याने काम भागले. आईचे पावित्र्य राहिले आणि सगळे पाप नव्या बाईच्या पदरात पडले. ‘हान्सेल आणि ग्रेटेल’मध्येही तेच. पोटच्या पोरांना रानात सोडून येऊ, असे नवऱ्याच्या मागे टुमणे लावणारी १८१२ मध्ये आई आहे. १८४० च्या चौथ्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. १८५७ च्या सातव्या आणि शेवटच्या आवृत्तीपर्यंत तो शिक्का पक्का झाला होता, आणि त्या आवृत्तीवरून जगभर भाषांतरे झाली. मी पाचवीला सांगितली ती गोष्टही तीच.

ग्रिम बंधू खोटारडे होते असे म्हणायचे नाही. पहिले पुस्तक त्यांनी विद्वानांसाठी टिपांसकट काढले होते. ते मुलांच्या हाती जाते आहे असे दिसले तेव्हा विल्हेल्म दरवेळी हात फिरवू लागला. त्या काळच्या सुखवस्तू जर्मन घरात आई म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती. ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसणाऱ्या आपल्याला ते कळायला जड जाऊ नये. शिवाय बाळंतपणात बायका मरत, घराघरांत सावत्र आया असत, आणि त्यांच्याविषयी कुजबुज करायला शेजारणीही असत. आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत आवडती-नावडती असतात, तसेच काहीसे. पण एक गोष्ट मला खुपते. ज्या लेखणीने आईला वाचवले, तिनेच दुसऱ्या एका बाईला कायमचे सुळावर दिले. त्या बाईला ना नाव, ना माहेर, ना तिच्या बाजूचे एक वाक्य. तिच्या वाट्याला आले ते शेवटी तापून लाल झालेल्या लोखंडी जोड्यांत पाय घालून मरेपर्यंत नाचणे.

मग चेटकीण? तिला तर मूळच्या गोष्टीतही कोणी नातलग नाही. ग्रिमच्या कथेत ती काठी टेकत येणारी म्हातारी आहे. डोळे लाल, दूरचे दिसत नाही, नाक मात्र तिखट. मोतीबिंदू झालेली, रानाच्या कडेला एकटी राहणारी कोणतीही थेरडी डोळ्यांपुढे आणा, वर्णन जुळते! आणि हे नुसते गोष्टीतले नव्हे. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून चाळीस ते साठ हजार माणसांना ठार मारले गेले, असा आजच्या इतिहासकारांचा हिशेब आहे. त्यांत बहुतेक बायका, आणि जवळजवळ निम्मे बळी जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखातले. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस गावात अ‍ॅना गोल्डी नावाची मोलकरीण होती. मालकाच्या मुलीच्या दुधात टाचण्या निघाल्या, त्या हिनेच चेटकाने घातल्या असा आळ आला. छळ करून कबुली घेतली आणि १७८२ च्या जूनमध्ये तिचे डोके उडवले. याकोब ग्रिमचा जन्म १७८५ चा, म्हणजे अवघ्या तीन वर्षांनंतरचा. युरोपात अशा खटल्यातून मारली गेलेली ती शेवटची बाई, असे म्हणतात. २००८ साली ग्लारुसच्या विधिमंडळाने ती निर्दोष होती असा ठराव केला. सव्वादोनशे वर्षांनी का होईना, एका चेटकिणीची बाजू सरकारदप्तरी नोंदली गेली.

पुस्तकांच्या जगात ही नोंद थोडी आधी झाली. अमेरिकेत डॉना जो नापोली नावाच्या भाषाशास्त्राच्या एक प्राध्यापिका आहेत. किशोरवयीन वाचकांसाठी त्यांनी १९९३ साली ‘द मॅजिक सर्कल’ ही लहानशी कादंबरी लिहिली. हान्सेल-ग्रेटेलच्या गोष्टीतली चेटकीण तिच्यात स्वतः बोलते. मी शब्दकोश हाताशी घेऊन ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत माझे लक्ष लागेना. ही बाई मुळात सुईण आहे; कुबड असलेली, कुरूप, पण हाताला गुण असलेली. तिला आसा नावाची एक मुलगी आहे आणि त्या मुलीला सुंदर वस्तूंची आवड. आई रोगबाधा उतरवू लागते. रिंगण आखून त्यात उभी राहते आणि भुतांना ताब्यात ठेवते. मग एका घरी, मुलीसाठी, एका अंगठीचा मोह पडतो. तेवढ्या एका फटीतून भुते आत शिरतात. गावकरी जाळायला निघतात तेव्हा ती जीव वाचवून रानात पळते. तिथे का? तर तिथे मुले येणार नाहीत म्हणून! मुले दिसली तर आपल्या हातून काय घडेल हे तिला माहीत असते. मिठाईचे घर ती पोरांना फसवायला बांधत नाही. आपल्या आसाला गोडधोड आवडायचे म्हणून बांधते. आणि एक दिवस दाराशी दोन भुकेली पोरे येऊन उभी राहतात. आतल्या भुतांनी पुरता ताबा घेण्याआधी तीच ग्रेटेलला आपल्याला भट्टीत ढकलण्याची संधी देते.

गोष्ट तीच, घर तेच, भट्टी तीच. एकही घटना बदलली नाही आणि सगळे बदलले. विशेष म्हणजे अंगठी आपणच उचलली, हे ती बाई विसरत नाही आणि आपल्यालाही विसरू देत नाही.

अशा पुस्तकांची पुढे रांगच लागली. गंमत अशी की या उद्योगात आमच्या व्यवसायातली माणसे बरीच. तीन डुकरांच्या गोष्टीतल्या लांडग्याची कैफियत १९८९ साली जॉन शेस्का यांनी लिहिली. ते न्यू यॉर्कमध्ये प्राथमिक शिक्षक होते. त्यांचा लांडगा तुरुंगातून सांगतो, की आजीच्या केकसाठी वाटीभर साखर मागायला मी गेलो, सर्दी झाली होती, शिंक आली आणि घर पडले. यात माझे काय चुकले? वर्गात हे सांगितले तर हसून मुरकुंडी वळते, आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, लांडगा थापा मारतो आहे. मला तोच तट हुशार वाटतो.

१९३९ च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’ बोलपटात पश्चिमेची दुष्ट चेटकीण झालेली मार्गारेट हॅमिल्टन पूर्वी बालवाडीची शिक्षिका होती. मूळच्या १९०० सालच्या पुस्तकातली चेटकीण एकाक्ष आहे, हिरवी नाही. हिरवा रंग चढला तो पडद्यावर. एका प्रसंगात भडका उडून या बाईचा चेहरा आणि हात भाजला आणि तिला कित्येक आठवडे घरी बसावे लागले. त्याच चेटकिणीला ग्रेगरी मग्वायर यांनी १९९५ च्या ‘विकेड’ कादंबरीत एल्फाबा हे नाव दिले. मूळ लेखक एल. फ्रँक बॉम यांच्या आद्याक्षरांवरून ते जुळवले आहे. मग्वायरही मास्तरच; बालसाहित्य शिकवीत असत. आखाती युद्धाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत शत्रूला हिटलर ठरवणारे मथळे पाहून, ‘दुष्ट’ हा शब्द किती झटपट मनाचा ताबा घेतो, हा विचार त्यांच्या डोक्यात घोळू लागला होता. त्यांची कादंबरी प्रौढांसाठी आहे, पण २००३ मध्ये तिचे संगीत नाटक ब्रॉडवेवर आले आणि २०२४ व २०२५ मध्ये दोन भागांत चित्रपट. तेव्हा ती हिरवी पोर शाळकरी मुलींची लाडकी होऊन बसली.

आता जे पटत नाही तेही सांगते. निद्रिस्त राजकन्येच्या गोष्टीत शाप देणाऱ्या परीला कारण शोधायला कुठे जायलाच नको. ते गोष्टीतच आहे. फ्रान्सच्या पेरोने १६९७ मध्ये लिहिले, की सात परींना सोन्याच्या पेट्यांत चमचे-सुऱ्या मांडल्या; आठवी म्हातारी पन्नास वर्षांत मनोऱ्याबाहेर पडली नव्हती, मेली असेल म्हणून तिला बोलावलेच नाही. ग्रिमच्या कथेत राजाकडे सोन्याच्या ताटल्या बारा आणि मानकरणी तेरा. हा शुद्ध मानपानाचा तंटा! आपल्याकडच्या ज्या कोणी लग्नघरात विहीणबाईंचा रुसवा काढला असेल, त्यांना याहून वेगळी पूर्वकथा लागणार नाही. डिस्नेने १९५९ मध्ये या परीला मॅलिफिसंट हे नाव आणि शिंगे दिली. २०१४ च्या चित्रपटात तिचे पंख प्रियकरानेच कापून नेले असे दाखवले. दृश्य काळजाला लागते खरे. पण त्यासाठी राजकन्येच्या बापाला राक्षस केले. म्हणजे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले एवढेच. विल्हेल्मने १८१९ मध्ये तरी दुसरे काय केले होते?

हिमगौरीच्या राणीलाही २००९ च्या ‘फेअरेस्ट ऑफ ऑल’मध्ये सेरेना व्हॅलेंटिनो यांनी माहेर दिले. बाप आरसे बनवणारा, मुलीला कुरूप म्हणून हिणवणारा. आरशातून बोलतो तो त्याचाच आत्मा. कल्पना नामी आहे. मात्र अशी दहा पुस्तके ओळीने वाचली की वाटते, प्रत्येक दुष्टाच्या मागे एक जखम आणि प्रत्येक जखमेमागे एक बाप, हेही एक साचेबंद प्रकरण झाले. जखमा काय, हिमगौरीलाही झाल्या होत्या.

आपल्याला ही वाट नवी नाही. भासाने ‘ऊरुभंगा’त मरणाऱ्या दुर्योधनाला मोठा केला, मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मध्ये बंगालीत मेघनादासाठी महाकाव्य लिहिले, आणि १९६७ साली शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने पराभूत पक्षाचा कर्ण मराठी घराघरांत नेला. पण आपण बाजू घेतली ती राजांची आणि वीरांची. पाश्चात्त्यांनी ती म्हातारीची, सुईणीची, सावत्र आईची घेतली. एवढ्यापुरता तरी त्यांचा हात वर आहे.

ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीचे इंग्रजी भाषांतर जॅक झाइप्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. ते मिळवून वाचल्यावर एक हिय्या करावासा वाटला. मला तो प्रश्न विचारणारी मुलगी आता दहावीत आहे. पाचवीचा वर्ग नवा. गणपतीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी हिमगौरीची गोष्ट १८१२ ची सांगितली. राणी मेली नाही, दुसरी आली नाही. आईच आरशापुढे उभी राहिली.

पारध्याला हुकूम सुटतो तिथवर आले आणि मधल्या रांगेतला एक मुलगा ताडकन उभा राहिला. “बाई, तुम्ही चुकलात. आई असं करत नसते. ती सावत्र असणार.”

साऱ्या वर्गाने माना डोलावल्या. विल्हेल्मला जे करायला सात वर्षे लागली, ते या पोराने दोन मिनिटांत केले.

“बरं,” मी म्हटले, “सावत्र करू. पण मग तिची गोष्ट कोण सांगणार? ती कुठून आली, काय म्हणून आली? सांगतोस?”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग खिडकीशी बसलेल्या एका मुलीकडे त्याची नजर गेली, आणि तो हळूच खाली बसला.

“पुढं काय झालं, बाई?” खिडकीजवळून आवाज आला.

मी पुढे सांगू लागले.