जलवैज्ञानिक नोंदींतील त्रुटिनिवारण

पर्जन्य, नदीची पातळी, विसर्ग इत्यादींच्या संगणकीय नोंदींतील चुका ओळखून त्यांचे निराकरण करण्याची पद्धती. पुण्याजवळील खडकवासला येथे या विषयाचे गांभीर्य सहज पटते. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम अपूर्ण असलेले पानशेत धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले व पुण्यात महापूर आला. या आपत्तीचे मूळ नोंदींत नव्हते. तथापि संभाव्य पुराचा अंदाज नोंदींवरूनच बांधला जातो.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात महाराष्ट्रादी राज्यांच्या नोंदवह्यांतील आकडे संगणकात भरण्यात आले. त्यासाठीचे प्रशिक्षण खडकवासल्याच्या केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रात (सध्याची राष्ट्रीय जल अकादमी) देण्यात आले. मूळ व संस्कारित नोंदी वेगवेगळ्या जतन करण्याचे धोरण होते.

जावासारख्या (१९९५) वस्तु-अभिमुख भाषेत प्रत्येक मापनकेंद्र ही एक ‘वस्तू’ मानून तिच्या मर्यादा व तपासण्या तिच्यातच अंतर्भूत करता येतात. एकाच वेळेची नोंद दोनदा आल्यास संचय ती नाकारतो. हा नकार आज्ञावलीस ‘अपवाद’ म्हणून कळतो. अशा वेळी अर्धवट भरलेला गट मागे घेऊन चूक नोंदवावी लागते. अपवाद दडपल्यास अपुरी माहिती पूर्ण भासते.

अशक्य आकडा व असाधारण आकडा यांत मात्र भेद करणे आवश्यक असते. ऋण पर्जन्य नाकारणे योग्य होय. ढगफुटीचा आकडा मर्यादेबाहेर म्हणून वगळल्यास मात्र ज्या पुरासाठी नोंदी ठेवावयाच्या, तोच इतिहासातून नाहीसा होतो. म्हणून असा आकडा संशयित ठरवून जपतात आणि शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहतात.