अंगठा लागला

चप्पल काढू नका. ग्रामपंचायतीच्या ओट्यावरची फरशी अशी तापलीय, की पाय टेकला तर चटका बसेल. साल २०२३, एप्रिल महिना. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधलं एक गाव, मध्य प्रदेशातलं, अजून छिंदवाडा जिल्ह्यातलंच. तुम्ही रांगेत उभ्या आहात. पुढे चाळीसेक बाया, मागे तेवढ्याच. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या मुठीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. खोबरेल तेलाचा आणि घामाचा वास एकमेकांत मिसळलाय. मधेच वारा फिरतो आणि नाल्याकडून मोहाच्या फुलांचा गोड, जड वास येतो.

आता तुम्ही कोण, तेही सांगते. दोन एकरवाल्या घरची सून, वय ३४. संत्र्याची साठ झाडं, त्यातली निम्मी वाळत चाललेली, उरलेल्यांवर कोळशी रोग. बाकीच्या रानात कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. घरात नवरा, दोन पोरं, सासू, धाकटा दीर आणि जाऊ.

रांग सरकत नाही. पुढे कुणाचं तरी नाव आधारवर माहेरचं आहे आणि राज्य सरकारच्या समग्र आयडीत सासरचं, त्याचा घोळ चाललाय. ‘लाडली बहना’ ही बायांच्या खात्यात महिन्याला हजार रुपये टाकणारी सरकारी योजना, तिचा फॉर्म हिंदीत. तो भरणारा पोरगा विचारतो हिंदीत, बाया सांगतात मराठीत, आणि दोघांनाही सगळं कळतं. इथे ते असंच चालतं.

तुमचा नंबर आला. अंगठा ठेवा त्या काचेवर. खाली लाल उजेड लागतो. पोरगा मान हलवतो. पुन्हा ठेवा. पुन्हा नाही.

“लागून नाही राह्यला, बाई. दुसरं बोट द्या.”

दुसरं बोटही नाही. पोटात खड्डा पडतो. जवळ घेऊन नीट पाहा ते बोट. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत कापूस वेचलाय तुम्ही. कापूस ओढताना बोंडाच्या वाळल्या पाकळ्यांची टोकं दर वेळी बोटात शिरतात. पेरावरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात, कडेला काळ्या चिरा तेवढ्या उरल्यात. ओळख पटवायची ती याच बोटांनी, आणि बोटं तर कामानं खाऊन टाकलीत.

“पाण्यानं ओलं कर वं, मंग पदराले पूस,” मागून कुणीतरी म्हणतं. “माह्यंबी तसंच लागलं.”

तुम्ही ओलं करता, पुसता, दाबून ठेवता. टुंग! “लागला,” पोरगा म्हणतो. आता फोटो. पदर जरा मागे घ्या.

तुमची जाऊ मात्र तशीच परतते. तिला २२ चालू आहे आणि अट २३ ची. पुढे ही अट २१ वर येईल, पण आज ती रिकाम्या हातानं घरी जाते आणि वाटेत एक शब्द बोलत नाही. सासूबाईंनी साठी ओलांडलीय, म्हणून त्याही यादीबाहेर. एकाच चुलीवर जेवणाऱ्या तीन बायांतली एकच आत, हे मला आजही खटकतं.

चला, १० जून. मृग लागलाय आणि आभाळ मात्र कोरडंठाक. रान वखरून तयार आहे, ढेकळं पायाला टोचतात. संध्याकाळी कुणाच्या तरी घरातून टीव्हीवरून, पहिला हप्ता सोडणाऱ्या जबलपूरच्या सभेचा आवाज येतोय. कुडापलीकडून शेजारीण ओरडते, “पैसे आले काय वं तुह्ये?” तुमचा बटणांचा फोन थरथरतो. हजार रुपये. गावात काहींना आधी एक रुपया आला होता, खातं चालू आहे का ते पाहायला. त्या एका रुपयावर दोन दिवस चर्चा झाली होती.

दुसऱ्या दिवशी कियोस्कवर पुन्हा तोच अंगठा, पुन्हा तीच धाकधूक. मग हातात दोन कोऱ्या पाचशेच्या नोटा. घडी करू नका लगेच. बघा जरा.

हजारानं काय होतं, असं म्हणणारे शहरात पुष्कळ भेटतात. त्यांना जूनमध्ये इथे आणून उभं करायला हवं. कापसाचा पैसा कधीच संपलाय, नवा दिवाळीशिवाय दिसणार नाही. कपाशीच्या बियाण्याची एक थैली या २०२३ च्या हंगामात ८५३ रुपये. रोख नसेल तर ती उधारीवर येते, आणि मग दिवाळीत कापूस त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, तो म्हणेल त्या भावात. म्हणून जूनमधला हजार हा नुसता हजार नसतो. याच राज्यात, इंदूरकडच्या गावांत, ‘सेवा’ संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं २०११ पासून दीड वर्ष दर मोठ्या माणसाला महिन्याला आधी २००, नंतर ३०० रुपये, आणि पोरांना त्याच्या निम्मे देऊन पाहिले होते. पैसा दारूत जाईल म्हणणारे तेव्हाही होते. लोकांनी धान्य घेतलं, पोरं शाळेत धाडली, आणि कितीतरी जण दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या रानात राबू लागले.

रात्री घरधनी म्हणतो, “एक थैली तरी रोखीनं घेऊ.” तो तुम्हाला विचारतोय, हे लक्षात येतंय ना? पैसे तुमच्या खात्यातले आहेत. तुम्ही हो म्हणता. उरलेले १४७ मात्र देत नाही. सकाळी किराणा दुकानात जाऊन पाव किलो तूरडाळीकडे बोट दाखवता. दुकानदाराचा हात सवयीनं उधारीच्या वहीकडे जातो. “राहू द्या, नगदी आहे,” तुम्ही म्हणता, आणि स्वतःचाच आवाज तुम्हाला जरा मोठा वाटतो.

ऑक्टोबरात हजाराचे साडेबाराशे होतील. संत्र्यावरची कोळशी त्यानं जाणार नाही, भावही वाढणार नाही. पण दर महिन्याला येणारी रक्कम ठरलेली असली, की पुढच्या महिन्याचा विचार आज करता येतो.

पाऊस यायला जून सरत येतो. मग एका सकाळी काळ्या मातीचा तो वास अंगणापर्यंत येतो आणि सगळं घर रानात. वाका. कंबर दुखेल, दुखू द्या. दर दीड हातावर एक खड्डा, त्यात दोन बिया. वर माती लोटा आणि अंगठ्यानं दाबा.