सोवळ्यापलीकडची विद्या

बंगळुरात कोरमंगल्यातल्या ज्या सेंट जॉन्स रुग्णालयात मी बाळंतपण करायला शिकले, तिथल्या सिस्टरांच्या आधीच्या पिढ्यांना या कामाची बंदी होती. व्रतस्थ ननांनी बाळंतिणीला हात लावणं चर्चला मान्य नव्हतं. परपुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून रावळपिंडीकडच्या बायका उपचारांवाचून मरताना डॉ. अ‍ॅना डेंगल यांनी पाहिल्या आणि बंदी उठावी म्हणून त्या झटल्या. 11 फेब्रुवारी 1936 रोजी रोमहून परवानगी आली.

आपल्याकडेही निराळं नव्हतं. सुईणीशिवाय अडायचं, पण काम संपलं की तिचाच विटाळ. 1909 साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडलं, तेव्हा त्यांना याच समजुतींशी झुंजावं लागलं.

गुंटूरला राबलेल्या डॉ. मेरी ग्लोरी या ननने 1943 साली कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभारली. कॅथलिकांचं स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय व्हावं, ही त्यांची आस होती. 1957 साली त्या बंगळुरातच वारल्या. 1963 साली सेंट जॉन्स कॉलेज निघालं, 1975 साली कोरमंगल्यात रुग्णालय सुरू झालं.

मी निपाणीची, मराठी घरातली. आमच्या सिस्टर ट्यूटर आधी हात शिकवायच्या. तळवे चोळून ऊब आणायची, मग पोटावरून बाळाची पाठ चाचपायची, तिथं नळी टेकवून ठोके मोजायचे. डोकं दिसू लागलं की घाई करायची नाही. एक हात डोक्यावर, दुसऱ्या हातात कापडाची घडी, तिनं खालून आधार द्यायचा आणि आईला कानडीत सांगायचं, ‘उसिरु बिडी, अम्मा’, म्हणजे श्वास सोडा. बाळ आलं की मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची 10 युनिटं. वार पडली की ताटलीत पसरून निरखायची, कारण आत राहिलेला एक तुकडाही रक्तस्रावानं जीव घेऊ शकतो.

पावगड तालुक्यातल्या सूलगित्ती नरसम्मा हे कसब आजीकडून शिकल्या होत्या. एक पैसा न घेता 15 हजारांहून अधिक बाळंतपणं त्यांनी केली, असं सांगतात. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं परिचारिकांसाठी 18 महिन्यांच्या खास मिडवाइफ प्रशिक्षणाचं धोरण आणलं.

आजीच्या हातचं कसब आणि रुग्णालयाची शिस्त एकत्र आली, तरच हे धोरण फळेल. तोवर एवढं करा: घरातली लेक-सून बाळंत व्हायची असेल तर डॉक्टरांच्या नावाबरोबर कळांच्या वेळी तिच्याजवळ कोण बसणार, हेही विचारा. आणि तुमच्या मुलीनं हे शिकायचं म्हटलं, तर तिला अडवू नका.